केस्तूड

व्हर्बा, डाल्टन. वय सोळा.
नळीसोबतच्या चिठ्ठीवर, कडेला, त्याच्या आईने
निळ्या पेनाने जोडलंय : कुस्ती, गट एकशे अडतीस पौंड.
जणू आम्ही तेही तपासणार आहोत.

सीडर रॅपिड्स. जानेवारी. रात्रीचे पावणेतीन.
बाहेर उणे एकवीस.
तळघरातल्या लॅबमध्ये मी, आणि इन्क्युबेटरची घरघर.

मांडीवर काय झालं होतं?
कोळी चावला, आई म्हणाली.
काही नाही, तो म्हणाला.
त्याने त्यावर कातडीच्या रंगाची टेप लावली होती,
कारण वजनकाट्यापाशी पंच अंग तपासतो
आणि पुरळ दिसलं की पोरगं बाहेर.
शनिवारी स्पर्धा.
शुक्रवारी रात्री बाथरूमचं दार लावून
त्याने ते दोन अंगठ्यांनी फोडलं.

हे मला नर्स मार्लीसने फोनवर सांगितलं.
मी पोराला पाहिलेलं नाही.
माझ्याकडे येतं ते रक्त, आणि रक्तावरचं नाव.

आमच्याकडे याला केस्तूड म्हणायचे.
आई जवसाचं पोटीस बांधायची, कढत,
आणि दरडवायची : हात लावशील तर बघ.
तिला कुठे ठाऊक होतं
की फोडलेलं गळू बाहेर येतं तेवढंच आतही जातं,
शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात,
तिथून एका ठोक्यात फुप्फुसात.
तिला फक्त मनाई ठाऊक होती.
तेवढ्यावर आम्ही पाच भावंडं जगलो.

एक्स-रे बघणं माझं काम नाही. बघितला.
दोन्ही बाजूंना गोल पांढरे डाग,
काहींच्या मधोमध भोक,
कसर लागलेल्या शालीसारखं.

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे घोस.
मी तासगावची. घोस मला कुठेही ओळखू येतो.
वडील कात्रीने विरळणी करायचे,
दाटीतले मणी काढून टाकायचे,
म्हणायचे, उरलेल्यांना श्वास मिळू दे.

सशाच्या रक्तद्रवाची नळी तिरकी केली.
विरजण लागावं तसं घट्ट. हललं नाही.
म्हणजे तोच.

दुसऱ्या रात्री ताटलीत औषधाची चकती.
भोवती मोकळं रिंगण पडायला हवं होतं.
सगळे सोनेरी, खांद्याला खांदा लावून
पार तिच्या काठाला भिडलेले.
असा जोडीदार डाल्टनला आवडला असता,
असं मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

मार्लीसला कळवलं. तिने परत वाचून दाखवलं; तसा नियम आहे.
ते औषध बंद, दुसरं सुरू.
मग नियमात नसलेलं विचारलं : श्वास?
म्हणाली, यंत्र घेतंय.

सकाळी घरी अद्वयच्या हनुवटीवर पुळी.
हात लावशील तर बघ!
त्याला मराठी अर्धंच कळतं.
पण हात खाली आला.

मंगळवारचं रक्त : वाढ.
गुरुवारचं : वाढ.
शनिवारची बाटली पाच दिवस राखली,
रोज उजेडात धरून पाहिली, नितळ.
वाढ नाही, असं मी टाइप केलं.
माझ्या माहेरी पानावर बसलेल्याला असं कुणी म्हटलं असतं
तर घर बदनाम झालं असतं.
इथे मी ते दोनदा वाचलं, नुसतंच, चवीने.

आणि मग नळ्या यायच्याच थांबल्या.
नळ्या थांबण्याची कारणं दोन असतात.
मार्लीस रजेवर होती. दुसऱ्या कुणाला मी विचारलं नाही.
आठ रात्री दुसऱ्यांचंच रक्त पाहत राहिले.

नवव्या रात्री एक डबी आली. थुंकी,
यंत्राने ओढलेली नाही,
स्वतः खोकून काढलेली.
चिठ्ठीच्या कडेला, त्याच निळ्या पेनाने :
एकशे एकोणीस पौंड.